बाइंडरच्या पोटात राहिलेली बातमी

बाइंडरचं दुकान गल्लीच्या वळणावर होतं आणि घाईत असलेला माणूस त्या दुकानावरून कधी जात नसे. तो मागच्या गल्लीने वळसा घेई. कारण बाइंडर दाराशीच उभा असायचा, हाताला खळ, चष्मा कपाळावर, आणि दिसेल त्याला म्हणायचा, "ऐकलंत का?" मग पुढे दहा मिनिटं सुटका नसे. होता होता ‘ऐकलंत का’ हेच त्याचं नाव पडलं. पोस्टमन तर पाकीट हातात घेऊन विचारायचा, "ऐकलंत-का घरी आहेत का?"

तसा तो फार शिकलेला नव्हता. पण सगळा जन्म लोकांची पुस्तकं बांधण्यात गेल्यामुळे जगातलं बरंच काही त्याच्या हाताखालून गेलं होतं. मधमाश्या, मूत्रपिंडाचे विकार, पुलांचे खांब, बुद्धिबळ, सगळं. छापखान्यातून मोठे सपाट कागद येत. एका कागदाच्या दोन्ही बाजू मिळून सोळा पानं. त्याच्या घड्या घालून फर्मा करायचा, फर्मे एकावर एक रचून शिवायचे, मग सरस, मग पुठ्ठा, मग कापड. घड्या घालताना हात कामात असत, पण डोळे रिकामेच. रिकाम्या डोळ्यांनी तो वाचत बसे.

आता ज्याने असा कागद पाहिला नाही त्याला एक गोष्ट सांगायला हवी. त्यावर पानं ओळीने नसतात. घडी पडल्यावर क्रम लागावा म्हणून ती मुद्दाम उलटसुलट मांडलेली असतात. चौथ्या पानाच्या शेजारी तेरावं येतं, आणि पाचवं असतं चौथ्याच्या डोक्यावर, तेही खाली डोकं वर पाय. बाइंडरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सोळाच्या सोळा जागा बोटाने दाखवल्या असत्या. पण वाचायच्या नादात तो हे साफ विसरायचा आणि एका पानावरून शेजारच्या पानावर सरळ चालत जायचा. एकदा त्याने अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि ती दर चार वर्षांनी निवडून दिली जातात. तीन हृदयांचं खरं निघालं. उरलेलं नगरपालिकेचं होतं. त्यानंतर पाववाला किती दिवस त्याला विचारत होता, "काय हो, यंदा हृदयाला उभं कोण राहतंय?"

बाइंडर रागावत नसे. "छापलं होतं तसं," एवढंच म्हणे.

घरात चार माणसं. बायको फर्मे शिवायची आणि शिवता शिवता नवऱ्याला टोमणे मारायची, दोन्हींत टाके अगदी सारखे. मुलगी कागद कापायच्या यंत्रावर असे. हाताला सफाई अशी, की बाइंडर तिच्यासमोर तिची स्तुती करायला लाजायचा आणि गिऱ्हाइकांसमोर थांबायचा नाही. आणि वरच्या खोलीत ताई, बाइंडरची थोरली बहीण. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती, लग्न केलं नव्हतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोलण्यातली ती नोकरी गेली नव्हती. भावाची बातमी लांबली की ती कानाशी हात नेऊन म्हणायची, "तीन मिनिटं झाली. पुढे बोलायचं असेल तर वेगळे पैसे पडतील."

पण ऐकायची मात्र तीच. रोज सकाळी बाइंडर चहाचा कप घेऊन वर जाई आणि आदल्या दिवशी मिळालेली सगळ्यात चांगली बातमी आधी तिला सांगे. खालच्या जगाला मग शिळी मिळायची.

घर ताईच्या नावावर होतं. वडिलांची शेवटची दुखणी तिनेच काढली, म्हणून वडिलांनी ते तिला दिलं, आणि बाइंडरला त्यात कधी वावगं वाटलं नाही. खाली त्याचं दुकान, वर तिची खोली, मधे कुरकुरणारा जिना. मागे एकदा ताईने मृत्युपत्र केलं आणि जेवताना सांगून टाकलं, "माझ्यामागे घर भाचीला. कोणाला रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या, मग जेवण गार होतं."

कोणी रडलं नाही. विषय तिथेच संपला.

समोरच्या बाजूला चष्म्यांचं दुकान होतं. चष्मेवाले विधुर, मुलगा दुसऱ्या गावी. अंगाने काटकुळे, बोलायला हळू, आणि सबंध गल्लीत ‘ऐकलंत का?’ म्हटल्यावर "नाही बुवा, सांगा ना," म्हणणारा हा एकच माणूस. रविवारी संध्याकाळी ते बाइंडरकडे चहाला यायचे. बाइंडरला वाटायचं, आपल्या बातम्या ऐकायला येतात.

त्या दिवसांत दुकानात एक जाडजूड पुस्तक बांधायला आलं होतं. प्रकाशकाने जगातल्या नवलाच्या गोष्टी गोळा केल्या होत्या. कॉमिक पुस्तकांच्या इतिहासापासून वारसाहक्काच्या कायद्यापर्यंत सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं. बाइंडरला तर सुगीच आली.

"ऐकलंत का?" एका रविवारी तो म्हणाला. "कॉमिकच्या मुखपृष्ठावर मुद्दाम दोन-तीन महिने पुढची तारीख छापायचे. म्हणजे दुकानदाराला वाटावं अंक ताजा आहे, आणि त्याने तो काढून टाकू नये."

"पावाला असं करता आलं तर बरं होईल," बायको म्हणाली.

"आणि नाही खपला, तर दुकानदार मुखपृष्ठाची फक्त वरची पट्टी फाडून परत पाठवायचा. अख्खा अंक नाही. पट्टी दाखवली की पैसे परत."

"मग उरलेला अंक?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तो टाकायचा. म्हणजे टाकायचा असं ठरलेलं. पण बिनमुखपृष्ठाचे अंक पोरं स्वस्तात घ्यायचीच."

"पोरं हुशार," चष्मेवाले समाधानाने म्हणाले.

"अहो, त्याहून भारी ऐका. एक शेतकरी ट्रॅक्टरखाली अडकला. एकटा. सुटायची आशा नाही. त्याने खिशातल्या चाकूने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मृत्युपत्र कोरलं. एकच ओळ, सगळं बायकोला. आणि कोर्टाने ते मानलं!"

"बाबा, ते मडगार्ड आपल्याकडे बांधायला नाही आलं हे नशीब," मुलगी म्हणाली.

ताई इतका वेळ चहा ढवळत होती. ती म्हणाली, "झालं सगळ्यांचं बोलून? आता मी सांगते. आम्ही दोघं लग्न करतोय. पुढच्या महिन्यात, रजिस्ट्रारकडे."

"कोण दोघं?" बायकोने विचारलं.

"मी आणि हा कप," ताई म्हणाली.

तेव्हा कुठे सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते आपलाच चष्मा काढून फार बारकाईने तपासत होते. बाइंडरला एका क्षणात सगळं उमगलं. रविवारचा चहा कशासाठी होता तेही उमगलं. पण वाईट वाटायला त्याला वेळच झाला नाही. तो उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि चष्मेवाल्यांना त्याने अशी मिठी मारली, की त्यांच्या कोटाच्या पाठीवर सरसाचे दहा ठसे उमटले. ते पुढे कधीच निघाले नाहीत.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुस्तक अजून बांधून व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात, मुलगी कागदाची थप्पी आणायला मागे गेली असताना, बाइंडर घड्या घालत होता. समोर वारसाहक्काचं प्रकरण होतं. चौथ्या पानाच्या अगदी तळाशी वाक्य होतं, ‘पुष्कळांना कल्पना नसते, पण काही देशांत माणसाने लग्न केले की त्याने आधी केलेले मृत्युपत्र’. इथे पान संपलं. बाइंडरचे डोळे सवयीने शेजारी गेले. शेजारच्या पानाच्या माथ्यावर होतं, ‘सरळ फाडून टाकत. एवढा कागद सांभाळायला जागा कोण देणार!’

बाइंडरच्या हातातली घडी दाबायची पट्टी थांबली.

पुढची ओळ त्याने वाचलीच नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र आलं. ताई रजिस्ट्रारच्या वहीत सही करते आहे, आणि मागे कोणीतरी टेबलाच्या खणातून तिचं मृत्युपत्र काढून टरकावतो आहे. मग घर कोणाचं? मुलगी त्या यंत्रावर उभी राहायची, ती जागा कोणाची? चष्मेवाले देवमाणूस, पण त्यांचा मुलगा? बाइंडरने त्याला एकदाच पाहिलं होतं. सबंध वेळ तो छताकडे पाहत होता, जणू मोजमाप घेत होता.

त्याने तो कागद घाईघाईने चौघडी करून आपल्या बसायच्या गादीखाली सारला. मुलगी आली तेव्हा तो शीळ घालत होता. त्याला शीळ येत नव्हती.

आता करायचं काय? दुसरा कोणी असता तर जिना चढून गेला असता आणि म्हणाला असता, ताई, असं असं आहे. बाइंडर जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलाही. पण तिथे त्याच्या मनात आलं, की साठी उलटल्यावर बहीण पहिल्यांदा लग्नाला उभी राहते आहे, आणि भाऊ काय सांगायला येतो? की घराचं बघ! ती काही बोलणार नाही. कानाशी हात नेईल फक्त. ती लाइन एकदा तुटली की पुन्हा जोडायला एक्स्चेंजमध्ये कोण बसलंय?

तो परत खाली आला. मग दिवसभर पुस्तकं दाबायच्या यंत्रापुढे उभं राहून त्याने तालीम केली. "ताई, सहज आपलं एक वाचलं." छे. "ताई, मला काही नको, पण." हे तर त्याहून वाईट. मला काही नको म्हणणाऱ्या माणसाला काय हवं असतं ते सगळ्या जगाला कळतं. यंत्राने काहीच मत दिलं नाही.

आणि गंमत अशी झाली, की ही एक बातमी सांगता येईना म्हणून बाकीच्याही येईनात. ती दारात आडवी पडली होती आणि मागच्या सगळ्या तिच्यामागे खोळंबल्या होत्या. बाइंडर दाराशी उभा राही, माणूस दिसे, तोंड उघडे, आणि "बरं आहे ना?" एवढंच बाहेर पडे. गल्लीत कुजबुज सुरू झाली. मागच्या गल्लीने जाणारे लोक काळजीने पुढून जाऊ लागले. पोस्टमन पाकीट देऊनही उभाच राहिला.

"काय?" बाइंडरने विचारलं.

"नाही, काही नाही. ऐकायला थांबलो होतो," पोस्टमन म्हणाला आणि खिन्नपणे निघून गेला.

बायकोने त्याला थर्मामीटर लावला. "ताप नाही," ती म्हणाली. "म्हणजे काहीतरी मोठंच आहे. अहो, माझ्याशी लग्न झाल्यापासून तुम्ही गप्प असे दोनदाच होतात, आणि दोन्ही वेळा तोंडात डेंटिस्टचा हात होता."

सकाळचा चहा तो अजूनही वर नेत होता. पण कप ठेवायचा, खिडकीतून बाहेर बघायचा, "आज ऊन चांगलं आहे," म्हणायचा आणि उतरून जायचा. ताई काही विचारत नसे. चहा मात्र निम्मा तसाच परत यायचा.

मग एके दुपारी तो चष्मेवाल्यांच्या दुकानात गेला. मनात होतं, त्यांनाच सांगून टाकावं, पुरुषाने पुरुषाला. चष्मेवाल्यांनी त्याला उंच खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाइंडरने वाचली. दुसरा डोळा झाकला. ती पण वाचली.

"नंबर तोच आहे," चष्मेवाले म्हणाले. मग ते जरा घुटमळले. "एक विचारू? तुम्ही इतक्यात मला काहीच ऐकवलं नाहीत. माझं काही चुकलं का?"

"तुमचं? छे छे! तुमचं काय चुकणार?"

"मग ताईंचं?"

"तिचं तर नाहीच नाही."

"मग?"

बाइंडरने वर पाहिलं. समोर तो साधाभोळा माणूस, अंगावर पाठीला सरसाचे दहा ठसे असलेला कोट, आणि डोळ्यांत खरोखरीची भीती. बाइंडर म्हणाला, "ती तपकिरी फ्रेम जरा दाखवता?"

नको असलेली तपकिरी फ्रेम घेऊन तो घरी आला. बायकोने फ्रेमकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा थर्मामीटर शोधायला गेली.

लग्नाची बातमी फुटल्यापासूनचा दुसरा रविवार आला. चष्मेवाले आले, चहा झाला, कोणी बोलेना. चमचे तेवढे वाजत होते. शेवटी ताईने कप खाली ठेवला.

"मी लग्न करत नाही," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. त्यांना हे आधीच सांगितलेलं दिसत होतं.

"अगं आत्या!" मुलगी म्हणाली. "का?"

"तुझ्या बापाला विचार. जन्मभर हा माणूस बोलतोय. मी तापाने फणफणले होते तेव्हा उशाशी बसून मला जिराफाच्या जिभेचा रंग सांगत होता. आणि मी लग्न म्हटल्यापासून ह्याचं तोंड शिवलंय. पहिल्या दिवशी मिठी मारली ती लोकलाजेने. मला कळत नाही का? मी जन्मभर दुसऱ्यांची संभाषणं जोडली. गप्प माणूस तारेच्या कोणत्या टोकाला काय विचार करतो, ते मला ऐकू येतं."

"ताई, तसं नाही गं," बाइंडर म्हणाला.

"मग कसं? तुला पसंत नसेल तर मला ते लग्न नको. ह्या वयात नवरा मिळाला नाही तरी चालेल, भाऊ बदलता येत नाही."

"पसंत आहे! कोण म्हणतं पसंत नाही?"

"तू. पंधरा दिवस. एक अक्षर न बोलता."

बाइंडरने सगळ्यांकडे पाहिलं. बायको टाका घालायचं विसरून सुई हवेत धरून बसली होती. आता गप्प राहिलं तर लग्न मोडतं आणि बोललं तर तो घराला टपलेला भाऊ ठरतो. आणि मग आतली आडवी पडलेली बातमी एकदम उभी राहिली.

"फाडून टाकतात, ताई!" तो उठून ओरडला.

"काय?"

"मृत्युपत्र! लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सरळ फाडून टाकतात! ठेवायला जागा नसते म्हणून! मग घर पोरीला नाही मिळणार, आणि हे मी तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं मी घरावर डोळा ठेवून बसलोय, आणि नाही सांगितलं तर पोरीचं नुकसान, आणि ह्यांचा मुलगा छताकडे बघतो!"

एवढं बोलून तो खाली बसला.

"माझा मुलगा?" चष्मेवाले हळूच म्हणाले. "त्याची मान आखडलेली आहे हो. लहानपणापासून."

"फाडतात म्हणजे कोण फाडतात?" ताईने विचारलं.

"ते दिलेलं नाही. पण छापलंय."

मुलगी उठली, खाली गेली आणि चौघडी केलेला एक कागद घेऊन आली. "हा का? एका प्रतीला एक कागद कमी पडत होता, आठवडाभर शोधत होते मी. गादी झटकताना सापडला. म्हटलं बाबांनी टेकू म्हणून घेतला असेल." तिने तो टेबलावर पसरला. "वाचा बरं, कुठे आहे?"

बाइंडरने बोट ठेवलं, चौथ्या पानाच्या तळाशी, आणि ते सरकवत शेजारच्या पानाच्या माथ्यावर नेलं.

मुलगी बघत राहिली. मग तिने ओठ घट्ट मिटले. "बाबा," ती म्हणाली, "हे शेजारचं पान कितवं?"

बाइंडरने पाहिलं. तेरावं. तेराव्या पानावर कॉमिकची चित्रं काढणाऱ्यांची हकिगत होती. अंक छापून झाला, की त्यांची मूळ चित्रं प्रकाशक सरळ फाडून टाकत. एवढा कागद सांभाळायला जागा कोण देणार!

"ऑक्टोपस," बायको म्हणाली, आणि सुई खाली ठेवून हसायला लागली. मग मुलगी. मग चष्मेवाले, आधी आवाज न करता, खांदे हलवत, आणि मग इतके मोठ्याने, की त्यांना पाणी द्यावं लागलं. ताई हसली नाही. तिने कागद फिरवून उलटा केला, म्हणजे चौथ्याच्या डोक्यावरचं पाचवं पान सरळ झालं, आणि मोठ्याने वाचलं, "‘आपोआप रद्द होते. काही देशांत मात्र ते तसेच लागू राहते. तेव्हा आपल्याकडचा नियम काय, ते जाणकार वकिलाला विचारलेले बरे.’"

"म्हणजे रद्द होतंच की!" बाइंडर म्हणाला. चुकीच्या पानावरून का होईना, तो बरोबर ठिकाणी पोचला होता. पण त्याला त्याचा आनंद झाल्यासारखं दिसलं नाही.

ताईने रविवार असतानाही वकिलाच्या घरी फोन लावला. तिच्या आवाजात असं काही असे, की पलीकडचा माणूस सुट्टीचा दिवस विसरून जाई. ती ऐकत होती, "हं," म्हणत होती. मग फोन ठेवून म्हणाली, "आपल्याकडे रद्द होतं. दोघांचीही. ह्यांनी मुलासाठी केलंय तेही. आणि आज नवं करून उपयोग नाही, लग्न लागलं की तेही गेलं. लग्न झालं की त्याच दिवशी दोघांनी या म्हणाले, नवी करून देतो."

"माझं पण रद्द?" चष्मेवाले चकित होऊन म्हणाले. "म्हणजे बाइंडरसाहेब, तुम्ही माझ्या मुलालाही वाचवलंत."

"गाढवा," ताई भावाकडे वळून म्हणाली. "हे पोटात घेऊन पंधरा दिवस फिरलास? मला वाटलं, तुला मी जड झाले."

"तू कशाला जड होशील?" बाइंडर म्हणाला. एवढ्यात बायकोने सगळ्यांना आणखी चहा केला.

लग्न झालं ते चार सह्यांत. ताईने निळा पोशाख केला होता, चष्मेवाल्यांनी तोच कोट घातला होता. त्यांनी नवा घ्यायलाच नकार दिला होता. मुलगाही आला होता आणि सबंध वेळ छताकडे बघत होता. बाइंडरने त्याला मानेला लावायला गरम पाण्याची पिशवी भेट दिली.

वकिलाची वेळ दुपारची होती. म्हणजे रजिस्ट्रारच्या दारातून बाहेर पडल्यापासून वकिलाच्या टेबलापर्यंत ताईचं मृत्युपत्रच नव्हतं; तेवढ्यात तिला काही झालं, तर घर पोरीच्या हातचं जाणार. हे बाइंडरच्या लक्षात आलं तेव्हा ती पायऱ्या उतरत होती. त्याने झडप घालून तिचा दंड धरला.

तिथून पुढे त्याने तिला सोडलं नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडची वाहनं हात करून थांबवली. जेवणात मासा होता, तो आपल्या ताटात ओढून घेतला, काटा अडकेल म्हणून. तिने पंखा लावायला सांगितला तर वर बघून म्हणाला, "स्क्रू ढिला दिसतोय." बायको म्हणाली, "वन्सं, तुम्हाला खोक्यात भरून, वर ‘काळजीपूर्वक हाताळा’ लिहून पाठवूया का?"

वकिलाची कचेरी वरच्या मजल्यावर होती. बाकीचे पुढे गेले. ताईने लिफ्टचं बटण दाबलं.

"लिफ्ट नको," बाइंडर म्हणाला. "मधेच अडकली तर?"

"मग जिन्याने जाऊ."

"जिन्यावर पाय घसरला तर?"

"मग वकिलाला दोरीने खाली सोडायला सांगू का?" ताई म्हणाली, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर, त्या निळ्या पोशाखात, सरळ बसली. "बस इथे. बस म्हणते ना. आता खरं सांग, छोट्या. ही काळजी घराची नाही. घराचं काम घटकाभरात होतंय. कसली आहे?"

बाइंडर शेजारी बसला. तो आपल्या हातांकडे बघत होता. सकाळी घासून घासून धुतले होते तरी नखांच्या कडेला सरस होताच.

"वरची खोली रिकामी होणार," तो म्हणाला.

"समोर तर जातेय मी. रस्त्यापलीकडे."

"हो. पण सकाळी चहा घेऊन मी कुठे जाऊ? चष्मेवाल्यांच्या घरात असा कप घेऊन घुसणं बरं दिसेल का? नवं लग्न तुमचं."

ताईने पर्स उघडली, आत काहीतरी चाचपलं, आणि एक किल्ली काढून त्याच्या पुढ्यात धरली. मग ती त्याला न देता पुन्हा पर्समध्ये टाकली आणि पर्स खटकन बंद केली.

"बघितलीस? वरच्या खोलीची आहे," ती म्हणाली. "ती माझ्याकडेच राहणार. ह्यांच्या दुकानात दिवसभर काचा घासायचा आवाज असतो, तिथे मला दुपारची झोप लागणार नाही. मी रोज जेवून तिकडेच येणार आहे, हे मी ह्यांना लग्नाआधीच सांगितलंय. तेव्हा खोलीत तुझे पुठ्ठे भरून ठेवायचा विचार असेल तर सोडून दे. आणि सकाळचा चहा तू दुपारी आण. पण बातमी ताजी हवी. पोस्टमनला सांगून झालेली मला नको."

वरून चष्मेवाल्यांनी कठड्यावरून वाकून हाक मारली. "अहो, वकीलसाहेब विचारताहेत, वधू कुठे आहे?"

"येतेय म्हणावं," ताईने वर बघून सांगितलं. "दोन मिनिटं थांबा. माझ्या भावाच्या बुटाची नाडी सुटलीय."

बाइंडरच्या बुटांना नाड्या नव्हत्या. तरी तो खाली वाकला आणि बराच वेळ त्या बांधत राहिला.